जुन्या ट्रकच्या केबिनचा गंजलेला फ्लोअर: पाणी हुडकण्यापासून पहिल्या पावसापर्यंत

मॅट उचलली आणि पायाखाली रस्ता दिसला, की बहुतेक मालक गाडी थेट वेल्डिंगच्या दुकानापुढं उभी करतात. तिथं भोकापेक्षा चार बोटं मोठा पत्रा कापतात, वरनं ठेवतात, चारी बाजूंनी वेल्डिंग मारतात आणि काळा रंग फासतात. तासाभरात गाडी मोकळी होते. पण दोन-तीन पावसाळ्यांत तोच पत्रा पुन्हा सुटतो आणि या खेपेला भोक दुप्पट झालेलं असतं.

कारण सरळ आहे. जुन्या गंजावर नवा पत्रा बसला की दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं आणि बाहेर निघायला त्याला वाट नसते. आतली माती ओल धरून ठेवते, आणि नवा पत्राही आतल्या बाजूनं, कुणाला न दिसता खाल्ला जातो. म्हणून या सगळ्या कामाचा एकच नियम आहे: गंजलेल्या पत्र्यावर पत्रा मारायचा नाही. निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि तिथंच नवा तुकडा जोडायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या हा एक नियम पाळता यावा म्हणूनच आहेत.

इथं फक्त केबिनच्या फ्लोअरबद्दल सांगितलं आहे. माल भरायच्या हौद्याचा तळ वेगळा असतो, तिथं जाड प्लेट किंवा फळ्या असतात. टाटा ४०७ किंवा त्याच्यासारखी कंपनीची पत्र्याची केबिन डोळ्यांसमोर ठेवून माप दिलं आहे. बॉडीवाल्याकडं बांधलेली, लाकडी चौकटीची केबिन असेल तर आधी लाकूड तपासा. चौकट कुजलेली असताना पत्रा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

१. आधी पाणी हुडका

फ्लोअर फक्त खालनं गंजतो असं वाटतं, पण जुन्या गाडीत निम्मं नुकसान वरनं होतं. पाणी केबिनमध्ये येतं, मॅटखाली साचतं आणि आठवडाभर तिथंच राहतं. ही वाट बंद न करता पत्रा बदलला, तर काम पुन्हा करावं लागेल.

आपल्या बेळगाव भागात पाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. खानापूरकडं, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि चोर्ला घाटात गाडी चालत असेल, तर समोरच्या काचेचं रबर आणि वायपरच्या दांड्यांची बुडं आधी बघा. उसाची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या पायांबरोबर फडातला चिखल आत येतो आणि मॅटच्या कडेला घट्ट बसतो. गोवा-कारवारहून मासळी आणणाऱ्या गाडीची गोष्ट सगळ्यांत वाईट. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून केबिनच्या मागच्या भिंतीवर येतं आणि सीटखालचे कोपरे खातं. मिठाची किंवा खताची पोती वाहणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळं उन्हाळ्यातही गंज थांबत नाही.

तपासायची पद्धत अशी. सीट आणि मॅट काढा, आतला फ्लोअर कोरडा पुसा आणि काचेखाली, दाराच्या कडेला, पिलरच्या (दाराशेजारच्या उभ्या खांबाच्या) बुडाशी खडूची पूड भुरभुरा. एकानं टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडावं. सुरुवात खालनं करा: आधी दाराचा खालचा काठ, मग दाराचं रबर, मग काचेखालची पट्टी, शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबा. वरनं सुरुवात केली तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. पाणी आत आलं की पुडीत ओघळ उमटतो. तो मागं-मागं धरत गेलं की जागा सापडते.

दाराच्या आत पाणी जाणारच. ते दाराच्या खालच्या काठातल्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ही भोकं मातीनं बुजलेली असतात. तारेनं मोकळी करा. नुसतं एवढं केल्यानं बऱ्याच गाड्यांचं पाणी थांबतं.

२. करण्यासारखं काम आहे का, ते ठरवा

जाड पेचकस आणि छोटी हातोडी घ्या. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक आहे. बद्द आवाज आला तर तिथं पेचकस दाबा. आत घुसला किंवा पापुद्रे निघाले तर ती जागा गेली. खालनं डांबरी कोटिंग फुगलेलं दिसलं तर ते खरवडूनच बघा, कारण फुगवट्याखाली पत्रा क्वचितच शाबूत असतो.

या जागा नक्की तपासा: क्लच आणि ब्रेक पेडलखालचा भाग, दाराच्या पिलरचं बूड, दाराखालचं पोकळ सिल (उंबरा), सीटखालचे मागचे कोपरे, आणि केबिन ज्या रबर बुशांवर बसते त्या माउंटिंगच्या भोवतीचा पत्रा.

सपाट फ्लोअर आणि कडेचा थोडा भाग गेला असेल तर काम शिकाऊ माणसालाही जमतं. माउंटिंगचा ब्रॅकेट, पिलरचं बूड किंवा फ्लोअरखालचा आडवा मेंबर (आधाराची आडवी पट्टी) गेला असेल तर अनुभवी मेस्त्री लागतोच, कारण तिथं केबिनचं वजन पेलायचं असतं. गंज खुद्द चेसिसच्या लाँग मेंबरपर्यंत (सांगाड्याच्या लांब तुळईपर्यंत) पोचला असेल तर थांबा. चेसिसवर मनानं वेल्डिंग मारायचं नाही, विशेषतः त्याच्या वरच्या-खालच्या काठावर तर अजिबात नाही. तिथंच ताण सगळ्यांत जास्त असतो आणि वेल्डिंगच्या कडेनं तडा जातो.

३. वेळ, जागा आणि कागदपत्रं

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की गाड्या रिकाम्या होतात. एप्रिल-मे हाच या कामाचा काळ. मृगाच्या आत प्रायमर आणि रंग पूर्ण वाळलेला पाहिजे. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो आणि प्रायमरखाली ओल अडकते. सवय नसेल तर चार-पाच दिवस धरा.

बेळगावात उद्यमबागेत पत्रा कापून, दुमडून मिळतो. डेंटर आणि जुने पार्ट ऑटोनगरकडं मिळतील. निपाणीकरांना कोल्हापूरचं उद्यमनगरही सोयीचं पडतं. आपल्याकडं कामावरचा माणूस कन्नड बोलणारा असण्याची शक्यता मोठी, म्हणून दोन शब्द पाठ ठेवा: पत्र्याला ‘तगडु’, गंजाला ‘तुक्कु’. ‘गंजलेलं सगळं कापायचं, वरनं मारायचं नाही’ हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. पत्रा किलोवर आणि मजुरी कामावर असं वेगवेगळं लिहून घ्या. एकत्र आकडा ठरला की कापाकापी कमी होते आणि पत्र्यावर पत्रा बसतो.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, विमा, परमिट, फिटनेस सर्टिफिकेट, पीयूसी.

माल वाहणाऱ्या गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी काढावं लागतं. जुन्या गाडीला म्हणजे दर वर्षी तपासणी आहेच. तारीख बघा आणि काम त्याच्या आधी संपेल असं ठरवा, मग गाडी केए-२२ (बेळगाव) असो की केए-२३ (चिक्कोडी). नुसता फ्लोअरचा पत्रा बदलल्यानं आरसीतला तपशील बदलत नाही. पण केबिनचा रंग बदलला, किंवा दुसऱ्या गाडीची अख्खी केबिन आणून बसवली, तर आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या. गंज ही झीज धरली जाते, त्यामुळं विम्यातून हा खर्च मिळेल असं धरून चालू नका.

एक सूचना जीव तोडून सांगावी अशी: चेसिस नंबर जिथं ठोकलेला आहे त्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नका. काम सुरू करण्याआधी तिथं ग्रीस लावून जाड कापड बांधा. नंबर पुसट झाला तर फिटनेसच्या वेळी जो त्रास होतो, तो फ्लोअरच्या खर्चापेक्षा भारी पडतो. केबिनमधली कंपनीची रिव्हेट केलेली पट्टीही जपून ठेवा.

४. सामान

ड्रायव्हर बाजूचा साधारण २ × ३ फुटांचा फ्लोअर धरून:

- सीआर पत्रा (जस्त नसलेला साधा गुळगुळीत पत्रा), १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिमी. ८ × ४ फुटांची अख्खी शीट साधारण २८ किलो भरते. २ × ३ फुटांचा तुकडा सव्वापाच किलोच्या आसपास. चुका आणि कडा धरून ४ × ४ फुटांची अर्धी शीट घ्या.
- सीओटू वेल्डिंग मशीन (गॅसच्या आवरणात वायर वितळवणारं), ०.८ मिमी वायर.
- ४ इंची ग्राइंडर, १ मिमी जाडीची कटिंग व्हील ८ ते १०, फ्लॅप डिस्क ३-४, तारेचे कप ब्रश २.
- ड्रिल, ८ मिमी बिट, स्पॉट वेल्ड (कंपनीचे ठिपक्यांचे जोड) सोडवायचं कटर.
- ग्रिप प्लायर निदान सहा, हातोडी, डॉली (ठोकताना मागं धरायचा लोखंडी ठोकळा), छिन्नी, पत्रा कापायची कात्री.
- जाड पुठ्ठा, मार्कर, मेजरिंग टेप, जाडी मोजायला व्हर्नियर.
- वेल्डिंगखाली चालणारा झिंक प्रायमर, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर १ लिटर, पीयू सीलंटच्या (जोड बुजवायच्या लवचिक मलमाच्या) २ ट्यूब, अंडरबॉडी कोटिंग, थिनर.
- हेल्मेट, ग्राइंडिंगचा चष्मा, चामडी हातमोजे, मास्क, आग विझवायचं सिलिंडर, पाण्याची बादली, ओली गोणपाटं.

पत्रा घेताना दोन चुका होतात. पहिली, छपरावर घालतात तो जीआय पत्रा घेणं. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डिंगमध्येही बुडबुडे राहतात. दुसरी चूक म्हणजे ‘जाड तेवढं टिकाऊ’ असं समजून ३ मिमी प्लेट घेणं. जाड प्लेटला लागणाऱ्या उष्णतेत शेजारचा जुना पातळ पत्रा जळून जातो, आणि केबिनच्या हादऱ्यांत जोडाच्या कडेलाच तडा जातो. जुना पत्रा मोजा, त्याच जाडीचा किंवा एक गेज जाड घ्या, त्याहून जास्त नको.

५. केबिन रिकामी करा

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडा. इलेक्ट्रॉनिक इंजिनाची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा. सीट, मॅट, खालचं नमदं आणि डांबरी शीट सगळं बाहेर काढा. ही डांबरी शीट वेल्डिंगच्या उष्णतेनं पेट घेते. कापायच्या जागेपासून एक फुटापर्यंत खरवडून काढा.

मग खाली जा. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) नीट टेकवलेली असू द्या, नुसत्या जॅकवर नको. केबिन पुढं पाडता येत असेल तर तिचा आधाराचा दांडा कुलूप झालाय ना, ते बघा. फ्लोअरखालून काय काय जातं ते हात लावून तपासा: वायरिंग, डिझेलची नळी, ब्रेकचे पाइप, क्लचची नळी. एअर ब्रेकच्या गाडीत प्लॅस्टिकच्या हवेच्या नळ्या असतात, एक ठिणगी पडली तरी त्या वितळतात आणि पुढं ब्रेकची हवा सुटते. जे सोडवता येतं ते सोडवून बाजूला बांधा, जे येत नाही त्यावर ओलं गोणपाट घाला.

डिझेलची टाकी जवळ असेल तर काढून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची.

६. मोजा, आधार द्या, मग कापा

कापण्याआधी दाराच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापं घ्या आणि पिलरवर मार्करनं लिहून ठेवा. दार उघडून-लावून फट कुठं किती आहे तेही बघा. सिलजवळचा पत्रा जाणार असेल तर पिलर ते पिलर एक चौकोनी पाइप टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून आडवा बसवा. तो नसेल तर फ्लोअर निघाल्यावर केबिन किंचित खचते, आणि नवा पत्रा त्या खचलेल्या मापातच पक्का होतो. मग दार कधीच नीट लागत नाही. दोन्ही बाजूंचा फ्लोअर गेला असेल तरी एका वेळी एकच बाजू कापा.

आता तारेच्या ब्रशनं गंजाच्या कडा उघड्या करा. जिथं पत्रा चकचकीत, खड्ड्यांविना दिसेल तिथं मार्करची रेघ मारा आणि तिच्या बाहेर आणखी एक इंच सोडून दुसरी रेघ. कापायचं या दुसऱ्या रेघेवर. कापल्यावर काठाची जाडी व्हर्नियरनं मोजा. मूळ १.२ चा पत्रा ०.८ च्या खाली भरला तर रेघ आणखी बाहेर न्या. भोक मोठं होताना बघवत नाही, पण पातळ काठावर मारलेला टाका तिथंच भोक पाडतो आणि मग तुम्हाला भोकामागं धावावं लागतं.

कोपरे काटकोनी ठेवू नका. पाण्याच्या पेल्याचं बूड ठेवून गोलाई काढा. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि तडा तिथंच सुरू होतो.

व्हील पत्र्याच्या जाडीपुरतंच आत घाला. खालचा आडवा मेंबर शाबूत असेल तर त्याच्यावरचे स्पॉट वेल्ड कटरनं एक-एक सोडवा आणि छिन्नीनं पत्रा उचला. सरळ कापत गेलात तर मेंबरही कापला जातो. ही चूक नवखा माणूस हमखास करतो आणि ती भरून काढायला एक दिवस जातो.

७. पुठ्ठ्यावर आधी, पत्र्यावर नंतर

पुठ्ठा भोकाखाली धरून आतून काठ गिरवा आणि कापून बसवून बघा. दुमडायच्या रेघा, पेडलची, बोल्टची भोकं सगळं त्यावर उतरवा. पुठ्ठ्यावर ‘वर’ आणि ‘पुढे’ लिहा. उलटा ठेवून पत्रा कापला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. प्रत्येक दुमडीमागं पत्रा स्वतःच्या जाडीएवढा वाढतो, म्हणून दर दुमडीला एक ते दीड मिमी कमी कापा.

मूळ फ्लोअरला लांब उठाव दाबलेले असतात. ते शोभेसाठी नाहीत. सपाट पत्रा पाय ठेवल्यावर टपटप वाजतो आणि हादरतो, उठावामुळं तो ताठ होतो. बीडिंग मशीन (उठाव दाबायचं यंत्र) असलेल्या दुकानातून दोन-तीन उठाव मारून घ्या. तेही जमत नसेल, तर पाऊण इंच रुंद पट्टी कोनात दुमडून खालनं जोडा, पण तिची दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे आत पाणी अडकणार नाही.

सर्वांत खोल जागी पाणी जायला साधारण १२ मिमीचं भोक ठेवा. भोकाचा काठ खाली वळवा आणि वरनं रबरी बूच बसवा.

८. वेल्डिंग

सगळा खेळ उष्णतेचा आहे. पत्रा पातळ, म्हणून एका जागी उष्णता साचली की तो फुगतो, आकसतो, वाकडा होतो.

*जोड कुठं कसा.* मोकळ्या सपाट भागात नवा आणि जुना काठ समोरासमोर ठेवा, मध्ये एक मिमीची फट. कटिंग व्हीलच फटीत उभं धरलं की माप मिळतं. काठ काठाला टेकवून ठेवला तर उष्णतेनं दोन्ही एकमेकांना ढकलतात आणि जोड वर उचलला जातो. मेंबरवर आणि सिलच्या काठावर मात्र पत्रा पत्र्यावर यावाच लागतो. तिथं नव्या पत्र्याला दर ३० ते ४० मिमीवर ८ मिमीचं भोक पाडा, दोन्ही मिळत्या बाजूंना झिंक प्रायमर लावा, ग्रिपनं घट्ट दाबा आणि भोकातून वेल्डिंग भरा. हा पत्र्यावर पत्रा चालतो, कारण खालचं लोखंड निरोगी आहे, मध्ये प्रायमर आहे आणि दोन्ही कडा नंतर सील होणार आहेत.

खालच्या बाजूचे असे जोड कौलासारखे ठेवा. चाकाचं पाणी पुढून मागं उडतं, म्हणून खालनं बघताना पुढचा पत्रा मागच्या पत्र्याला झाकणारा हवा. उलट ठेवलात तर उडालेलं पाणी नेमकं उघड्या काठात घुसतं.

*मशीनचं सेटिंग.* १.२ मिमी पत्रा आणि ०.८ वायरला साधारण ६० ते ८० अँपिअर. आकड्यावर विसंबू नका, आपल्याकडं व्होल्टेज दिवसभर खालीवर होतं. त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर आधी दहा टाके मारा. पाठीमागं टाक्याचा छोटा उंचवटा दिसला म्हणजे वेल्डिंग आरपार गेलं. नुसता वर गोळा बसला असेल तर ताकद नाही. अर्थची पकड वेल्डिंगच्या अगदी शेजारी, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावा. ती लांब चेसिसला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात.

*क्रम.* आधी चार कोपऱ्यांत टाके. मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मधोमध एक, असं करत २५ मिमीपर्यंत या. मग १५-२० मिमीचे तुकडे, एक या बाजूला तर पुढचा समोरच्या बाजूला. शेजारच्या जागेवर उघडा हात ठेवता आला तरच तिथं पुढचा टाका. टाका गरम असतानाच खाली डॉली धरून वरनं हलके ठोके द्या, आकसलेला पत्रा पुन्हा पसरतो.

*भोक पडलं तर.* त्याच जागी वायर ओतत बसू नका. थंड होऊ द्या, मागं तांब्याची पट्टी धरा आणि कडेपासून आत छोटे-छोटे टाके मारत या. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही. पट्टी नसेल तर तांब्याचा पाइप ठोकून चपटा करा. जाड-पातळ जोडात आर्क नेहमी जाड बाजूला धरा.

सीओटू मशीन मिळतच नसेल तर चांगला गॅस वेल्डर गाठा. साध्या आर्कचा रॉड या जाडीवर चालवणं फक्त सरावलेल्या हाताला जमतं, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

पत्रा पुसायला थिनर वापरलात तर ते पूर्ण उडाल्याशिवाय आर्क पेटवू नका. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनरचा स्प्रे तर वेल्डिंगच्या आसपास नकोच. आर्कजवळ त्यापासून जीवघेणा वायू तयार होतो.

काम थांबल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नका. नमद्यात, वायरिंगच्या वेष्टनात धुमसणारी ठिणगी नंतर पेटते.

९. रात्रीची तपासणी

वरचं वेल्डिंग जवळपास सपाट होईपर्यंतच घासा. अगदी गुळगुळीत करायच्या नादात जोड पातळ होतो आणि तो मॅटखाली कुणाला दिसणारही नसतो. मग अंधार पडल्यावर एकानं खालनं टॉर्च फिरवावा, दुसऱ्यानं आत बसून बघावं. सुईच्या टोकाएवढं भोकही चांदणीसारखं चमकतं. त्या प्रत्येक जागेवर खूण करा आणि सकाळी टाका मारा. हे पुट्टीनं किंवा लप्पमनं भरायचं नाही, ते हादऱ्यानं निघतं आणि तोवर पाणी धरून ठेवतं.

१०. प्रायमर, सील, रंग

क्रम बदलू नका: साफसफाई, इपॉक्सी प्रायमर, सीलंट, रंग, अंडरबॉडी. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, तेच घ्या. दोन हात, वरनं आणि खालनं, जुन्या पत्र्यावर दोन इंच पुढपर्यंत.

आसपासच्या जुन्या पत्र्यावर घट्ट, खड्डे पडलेला पण न सुटणारा गंज उरला असेल तर तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं गंज-रोधक लावता येतं. पापुद्र्यांवर ते लावणं निरुपयोगी आहे.

सीलंट प्रत्येक जोडावर, दोन्ही बाजूंनी, बोटानं दाबून. पाणी जायची भोकं बुजणार नाहीत ते बघा. अंडरबॉडी कोटिंग सगळ्यांत शेवटी, खालच्या बाजूलाच. गंजावर थेट फासलेलं डांबरी कोटिंग काही महिन्यांत कडक होऊन तडकतं आणि मग पाण्याची पिशवी बनतं.

जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालनं मारायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. ते रबर बुश आणि ब्रेकच्या रबरी नळ्या फुगवतं, धूळ धरतं, आणि पुढच्या खेपेला वेल्डिंग करताना पेट घेतं. पोकळ सिल आणि पिलरच्या आत काही मारायचंच असेल तर त्यासाठीच मिळणारं मेणाचं स्प्रे वापरा.

११. परत जोडणी

सीटच्या बोल्टांखाली ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी पट्टी प्रायमर लावून, सीलंटवर बसवा. नुसत्या १.२ च्या पत्र्यावर सीट ताणली तर बोल्ट आरपार निघतात. पेडलचा ब्रॅकेट घट्ट करा, क्लचचा फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) बघा, ब्रेक दाबून कुठं गळती नाही ना ते पाहा. फ्लोअरला जोडलेल्या अर्थच्या वायरींची जागा घासून, जोडून, वरनं ग्रीस लावा. रंगावरच बोल्ट आवळला तर लाइट मिणमिणतात आणि इलेक्ट्रिशियन भलतीकडंच दोष हुडकत बसतो. दाराच्या चौकटीची तिरकी मापं पुन्हा घ्या, पिलरवर लिहिलेली जुनी मापं जुळली पाहिजेत.

वरनं ॲल्युमिनियमची चेकर प्लेट मारायची हौस असेल तर थोडं थांबा. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्या जागी टेकले की एक दुसऱ्याला खातो, आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकातून पाणी खाली जातं. त्यापेक्षा उचलता येणारी रबरी मॅट बरी. तिच्याखाली गोणपाट किंवा घोंगडं घालू नका.

१२. पहिला पाऊस

पहिला मोठा पाऊस झाल्यावर मॅट उचला आणि हात फिरवा. ओल लागली तर पायरी एकवर परत जा, कारण पाण्याची एखादी वाट राहिलेली आहे. कोरडं असलं तरी खालनं एकदा बघा: सीलंटच्या कडेला तांबूस रेघ दिसली तर तिथं सुईएवढं भोक राहिलं आहे, ते खरवडून आत्ताच बुजवा. पावसाळाभर पंधरा दिवसांतून एकदा मॅट उन्हात टाका. फडातून किंवा मासळीची खेप करून आलेली गाडी धुताना पाण्याचा फवारा खालनंही मारा, सिलच्या आणि दाराच्या भोकांत तार घाला, आणि दारं उघडी ठेवून केबिन वाळू द्या.